तुळशीराम मुकादमाचा काटा

तुळशीराम मुकादम सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी झाड शोधायचा. डोक्यापेक्षा हातभर उंच, आडवी, न वाकणारी फांदी पाहिजे. मग झाड कडुलिंबाचं असो की मोहाचं, त्याला सोयरसुतक नव्हतं. फांदी सापडली की तो पिशवीतून वजनाचा लटकता काटा काढायचा, धोतराच्या सोग्यानं पुसायचा, फांदीला अडकवायचा आणि ओरडायचा, "या रे बाप्पा हो, आपापलं आना!" आम्ही डोळे चोळत आपापली ओझी घेऊन रांगेत. चहा त्यानंतर. काट्याच्या आधी चुलीला काडी लावलेली त्याला खपत नसे.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही हिवतापाची फवारणी करणारे. वणीच्या खाली पैनगंगेपर्यंत जी डोंगराची रांग आहे, तिच्यातली गावं आणि कोलामांच्या वस्त्या, ज्यांना तिकडे पोड म्हणतात, त्या आमच्याकडे होत्या. जीप तिथं जाऊ शकत नव्हती. पावसाळ्यात बैलगाडीही काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत रुतायची. म्हणून सगळं पाठीवर. पंप, रबरी नळी, बादल्या, डीडीटीची पोती, शिवाय पीठ, डाळ, भांडी, अंथरुणं आणि पाण्याचा डबा. मे सरता सरता वणी सोडायची आणि दिवाळीच्या तोंडावर परत यायचं. लोक आम्हाला पावडरवाले म्हणत. आता ते लोकही राहिले नाहीत आणि ती पावडरही.

आम्ही मुकादम धरून पाच. किसन अंगानं आडवातिडवा, पण कामाचं नाव काढलं की पोट दुखणारा. वामन स्वयंपाक करायचा. तो मुकादमाच्याच गावचा, दूरच्या नात्यातला, आणि आपल्या भांड्यांना कोणी हात लावला की फणकारायचा. सुखदेव पंप मारायचा. आणि मी. मी मॅट्रिक नापास, म्हणून फवारलेल्या घराच्या भिंतीवर तारीख लिहायचं काम माझ्याकडे. तेवढ्यावरून सगळे मला मास्तर म्हणत. मास्तर कसला डोंबलाचा!

मुकादम बुटका होता, खांदे रुंद. आधी तो कापसाच्या जिनात तोलाईवर होता. तिथं शेतकऱ्याच्या गाठोड्यावर पाय ठेवून काटा कसा खाली आणतात, ते त्यानं आयुष्यभर पुरेल इतकं पाहिलं होतं. एके दिवशी तो मालकाला म्हणाला, "मी काट्याजवय उभा राहीन, नाई तं तुमचा पाय उभा राहीन." मालकानं आपला पाय ठेवला आणि याला काढून टाकलं. निघताना यानं एक जुना काटा मागून घेतला. पगाराऐवजी घेतला की वरून घेतला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण त्या काट्याला तो आईबापापेक्षा जपायचा.

"काट्याले मामा नाई अन् मावशी नाई," हे त्याचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य, "पाठ कोनाचीबी असो, हाड तेच असते." ही दोन वाक्यं तो इतक्यांदा म्हणायचा, की किसन त्याच्या मागं उभा राहून ओठ हलवून दाखवायचा.

प्रत्येकाच्या पाठीवर अठरा शेर. एक छटाक जास्त नाही, एक छटाक कमी नाही. काल पीठ संपलं, तर आज डीडीटीतलं काढून त्याच्यात भर. एकदा कशातच वजन बसेना. सगळ्यांचे अठरा भरले आणि मुकादमाचे सव्वासतरा. पोती फोडून पुन्हा वाटणी करायची तर ऊन डोक्यावर आलं असतं. मुकादमानं इकडं तिकडं पाहिलं, नाल्यातला एक गोटा उचलला, काट्याला लावून पाहिला आणि आपल्या गाठोड्यात घातला.

"मुकादम, गोटा काहून घेता?" किसन म्हणाला. "पुढच्या गावी गोटे नाई का?"

"वजन भरत नाई."

"अहो, पन गोट्याचं करनार काय?"

"नेनार. दुसरं काय करतेत वज्याचं?"

तो गोटा त्यानं सहा कोस नेला आणि पुढच्या मुक्कामी रस्त्याच्या कडेला नीट ठेवून दिला. आम्ही पोट धरधरून हसलो. तो हसला नाही. मुकादमानं हलकं घेतलं, असं कोणी म्हणेल याची त्याला वाघापेक्षा जास्त भीती वाटायची.

साहेबालाही तो भीत नसे. एकदा तपासणीला आलेले एक साहेब आमच्याबरोबर दोन मुक्काम चालायला निघाले. कातड्याचे बूट, डोक्यावर हॅट, आणि अंथरूण-पांघरूण बांधलेला हा एवढा मोठा होल्डॉल. साहेबांनी बोटानं होल्डॉल दाखवला आणि पुढं चालायला लागले. मुकादमानं तो शांतपणे काट्याला लावला.

"साहेब, अकरा शेर."

"मग?"

"मंग पाच मानसाले दोन-दोन शेराच्या वर वाढते. अठराचे विसाच्या वर जातेत. उशी अन् रजई तुमी घ्या, बाकीचं आमी वाटून घेतो."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. वामननं मुकादमाचा सदरा मागून ओढला. मुकादम जागचा हलला नाही. शेवटी साहेब रजई खांद्यावर टाकून, उशी काखोटीला मारून चालले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत गेले. त्या रात्रीपासून मुकादम माझा देव झाला. माझं वय तेव्हा बावीस. त्या वयात माणसाला एक तरी सरळ माणूस बघायला मिळावा, असं फार वाटतं. मला मिळाला, असं मी समजत होतो.

आता पाण्याच्या पाळीबद्दल सांगतो, कारण सगळा घात तिथंच झाला.

नाल्याचं पाणी प्यायचं नाही, हा मुकादमाचा हुकूम. आधीच्या हंगामात नाल्याच्या पाण्यानं एक टोळी हगवणीनं आडवी झाली होती. म्हणून निघतानाच विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी झाकणाच्या जस्ती डब्यात भरून घ्यायचं. डबा भरला की पाणीच आठ शेर. सकाळी तो पाठीवर घेणारा इतरांइतकाच वाकायचा. पण दुपारच्या जेवणाला पाणी संपायचं आणि मग उरलेली वाट तो माणूस दहा शेरांवर चालायचा. उतारावर तर पळायचाच. चार दिवसांतून एकदा अशी पाळी यायची आणि आम्ही तिची वाट सणासारखी पाहायचो. किसन तर आदल्या दिवसापासून म्हणायचा, "उद्या माही पायी हाये, मले कोनी बोलू नका."

चार दिवसांतून एकदा. आम्ही होतो पाच.

सुखदेवाला पाळी नव्हती. तो छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेला. गावांतून लोक त्याला घरात येऊ देत नसत, म्हणून मुकादमानं त्याला पंपावर ठेवलं होतं. सुखदेव अंगणात उभा राहून दांडा मारणार आणि आमच्यातला कोणीतरी नळीचं टोक घेऊन घरात फवारणार. नळी लांब होती, त्यामुळे सोय झाली. पाण्याचा डबा, पीठ, डाळ, भांडी यांतलं काही त्याच्या पाठीवर नाही. त्याच्या पाठीवर लोखंडाचा पंप, नळी आणि डीडीटी. वामन त्याच्या लोट्यात वरून पाणी ओतायचा आणि भाकरी वरून टाकायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच होत राहिलं. सुखदेवाचे अठरा शेर मात्र सकाळी काट्यावर चोख भरत, म्हणून मुकादमाच्या मनाला काही टोचत नव्हतं. माझ्याही नाही. खोटं कशाला सांगू?

सुखदेव बोलायला कमी, पण त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. भादव्यात एका नाल्याला पूर आला होता आणि किसन तापानं फणफणला होता. सुखदेवानं त्याला पाठीवर घेतलं आणि छातीइतक्या पाण्यातून पलीकडे नेलं. मग परत येऊन त्याचं ओझंही नेलं. किसनचे हात त्याच्या गळ्यात, तोंड त्याच्या मानेवर. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. वामन तर काठावरून ओरडत होता, "धरून ठेव रे सुखदेवा, सोडू नोको!" पलीकडे गेल्यावर किसननं पाणी मागितलं, ते वामननं दिलं.

मग आश्विनातल्या एका संध्याकाळी, मुक्कामाला पोचून आम्ही ओझी उतरवत होतो, तेव्हा सुखदेव मुकादमाजवळ गेला.

"मुकादम, एक सांगू का?"

"सांग ना."

"सकायी काटा लावता ते बराबर हाये. एकडाव संध्याकायी लावून पाहा."

"संध्याकायी कायले? चालनं तं झालं."

"म्हनूनच म्हनून राह्यलो. पाहा तं खरं."

मुकादमाला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. तरी त्यानं काटा काढला. त्या दिवशी पाण्याची पाळी मुकादमाचीच होती. त्याचं ओझं लावलं, दहा शेर. सुखदेवाचं लावलं, अठरा. मुकादम काट्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी किसनची पाळी होती. संध्याकाळी किसनचे दहा, सुखदेवाचे अठरा. तिसऱ्या दिवशी माझे दहा. चौथ्या दिवशी वामनचे दहा. सुखदेवाचे चारही संध्याकाळी अठरा. तो आपलं गाठोडं काट्याला लावायचा आणि बाजूला उभा राहायचा.

चौथ्या संध्याकाळी मुकादम जेवला नाही. माझ्याजवळ येऊन बसला. बिडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली.

"मास्तर, तीन वर्सं झाले मी काटा लावून राह्यलो."

"हो."

"तीन वर्सं मी अर्धाच दिवस तोलून राह्यलो ना गड्या. अर्धा दिवस!" त्यानं बिडी मातीत चिरडली. "जिनात तो मालक पाय ठेवत होता, अन् इथं मीच ठेवला."

मी म्हणालो, "जाऊ द्या मुकादम, तुमच्या काय मनात होतं का?" असलं बोलणं मला फार सुचतं.

सुखदेव पंपाच्या चामडी वायसरला तेल लावत बसला होता. मुकादम उठून त्याच्याकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या पान्याची पायी सुखदेवाची."

वामननं पळी आपटली. "मंग मी पानी पिनार नाई."

"नोको पिऊ."

"मुकादम, तुमी इचार करून बोलून राह्यले का?"

"काटा बोलला वामन. मी नाई बोललो."

सुखदेवाचे तेलाचे हात थांबले होते. त्याला हलका दिवस नको होता. लोखंड वाहून वाहून त्याची पाठ कधीच निबर झाली होती. त्याला आमच्या पाळीत स्वतःचं नाव पाहिजे होतं. एवढंच. ते त्याला मिळालं, असं त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी उठला. डबा राखेनं आतून बाहेरून घासला, तीनदा विसळला. पोडाच्या खालच्या अंगाला झरा होता, तिथून भरून आणला आणि डब्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं. अंगात त्यानं ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. काट्यावर अठरा शेर भरले. मुकादमानं पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. आम्ही निघालो.

आश्विनातलं ऊन म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. वर पठारावर गवत पिवळं पडलेलं आणि सावलीला झुडूपही धड नाही. सहा कोसांची वाट. एरवी सुखदेव सगळ्यांच्या मागं चालायचा, त्या दिवशी मुकादमाच्या बरोबरीनं चालला. दोघं काहीतरी बोलत होते. सुखदेव आपल्या गावाबद्दल, कळंबच्या अलीकडच्या, सांगत होता. बायकोला शिकवायचंय म्हणत होता. मुकादम हो हो करत होता. पाच महिन्यांत त्यांना असं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी पठाराच्या कडेला एकुलता मोह सापडला, त्याच्याखाली बसलो. वामननं भाकरी वाटल्या. सुखदेवानं डबा सावलीत ठेवला, फडकं सोडलं, झाकण काढलं, पेला डब्यावर ठेवला आणि चार पावलं मागं सरला. त्याच्या हातून घ्यावं लागू नये म्हणून. इतकी त्यानं आमची काळजी घेतली.

"घ्या मुकादम," तो म्हणाला. "आधी तुमी."

मुकादम उठला. त्यानं पेला बुडवला. पाणी इतकं नितळ होतं की पेल्याचा तळ दिसत होता. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मुकादमानं पेला वर उचलला, ओठांपर्यंत नेला.

वामन भाकरी मोडता मोडता म्हणाला, वर न बघता, "कमयीचं लगन जमलं ना मुकादम?"

कमळी म्हणजे मुकादमाची एकुलती एक मुलगी. लग्न उन्हाळ्यात व्हायचं होतं.

"जमलं."

"चांगलं झालं. मांडवात पंगतीले मानसं बसले पायजेत, एवढंच. मी काई सांगत नाई बाप्पा. पन लोकाच्या तोंडाले कोन हात लावते?"

पेला ओठांपाशी तसाच. मी मुकादमाचा गळा पाहत होतो. तो एकदा वरखाली झाला, कोरडाच. साहेबाला उशी उचलायला लावणारा माणूस हाच, असं मी स्वतःला सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, पी रे बाबा, पी. तू प्यालास तर मी पिईन. माझी सगळी हिंमत मी त्याच्या पेल्यात ठेवली होती.

त्यानं पेला खाली आणला. थोडा वेळ हातात धरला. मग मोहाच्या मुळाशी पाणी ओतलं आणि पेला डब्यावर ठेवून दिला.

"मले तहान नाई," तो म्हणाला.

कोणीच प्यालं नाही. कोरड्या भाकरीचे घास आम्ही कसेबसे गिळले. किसननं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा वामनकडे आणि उठून लघवीला गेला. ज्याच्या मानेवर तोंड ठेवून तो नाला ओलांडून आला, त्याच्या डब्यातला घोटभर त्याला घेता आला नाही. आणि मी? मला कोणाच्या लग्नाची भीती नव्हती. माझं कोणी काय वाकडं करणार होतं? तरी मी नाही प्यालो.

सुखदेवानं झाकण लावलं, फडकं बांधलं, डबा पाठीवर घेतला. तो पुन्हा मागं चालायला लागला.

पठार उतरल्यावर एक नाला लागला. पाणी जवळजवळ आटलेलं, डबकी साचलेली, त्यांतल्या एका डबक्यात म्हशी बसलेल्या. ओझी टाकून आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो आणि ओंजळीनं ते गढूळ पाणी प्यायला लागलो. नाल्याचं पाणी पिऊ नका म्हणून गावोगाव सांगणारे आम्हीच! मुकादम आमच्यात आला नाही. तो खडकाच्या आडोशाला जाऊन एकटाच प्याला. त्याला वाटलं, कोणाला दिसणार नाही. पण सुखदेव वरच्या काठावर उभा होता आणि तिथून सगळं दिसत होतं.

सुखदेव स्वतःही प्यालेला नव्हता. दिवसभर आठ शेर पाणी पाठीवर असून त्यानं एक घोट घेतला नाही. आधी मुकादमानं प्यावं, मग आपण, असं त्यानं मनाशी धरलेलं असणार. त्याचे ओठ फुटले होते. तरी तो काठावर उभा राहिला, आमचं उरकेपर्यंत.

मुक्कामाला पोचलो. सूर्य अजून वर होता. मुकादमानं त्या संध्याकाळी काटा काढला नाही. सुखदेवानं त्याच्या पिशवीतून तो आपल्या हातानं काढला, फांदीला लावला आणि आपलं ओझं टांगलं.

"या मुकादम. पाहा."

"राहू दे सुखदेवा."

"नाई, पाहा ना. पाह्याले काय होते?"

मुकादम आला. काटा अठरावर. सुखदेवानं डोळे जवळ नेऊन पाहिलं. "अठराले थोडा कमी हाये. पेलाभर. तो तुमी सांडला." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पायी देऊन पाह्यली तुमी. काई फरक नाई पडला."

मग त्यानं डबा खाली घेतला आणि त्याच पेल्यानं, आमच्या सगळ्यांच्या पेल्यानं, पाणी प्याला. एक, दोन, तीन पेले. आमच्याकडे पाहत प्याला. उरलेलं त्यानं ओतून दिलं, डबा पालथा घातला आणि आपलं अंथरूण वेगळं काढून दूर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप, नळी, बादली ओळीत मांडून, मोजून मुकादमाच्या ताब्यात दिली आणि वणीची वाट धरली. हंगामाचे पंधरा दिवस उरले होते. मुकादम त्याच्या मागं थोडा वेळ गेला, मग थांबला. सुखदेवानं वळून पाहिलं नाही.

नाल्याच्या पाण्यानं आम्हाला हगवण लागली. दोन दिवस आम्ही झुडपांमागं पळत होतो आणि वामन म्हणत होता, "त्याच्या डब्याचं पाप हाये हे." असं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी काय केलं? त्यानं केलेला भात खाल्ला.

कमळीचं लग्न उन्हाळ्यात झालं. पंगती भरल्या. मी गेलो होतो. वामन वाढायला होता. मुकादम मांडवात इकडून तिकडे फिरत होता, प्रत्येकाला "घ्या, घ्या" म्हणत होता. मला म्हणाला, "मास्तर, पोटभर जेव." त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या हंगामात तो आला, पण सकाळी झाड शोधत नव्हता. ज्याला जे उचलायचं ते उचला म्हणायचा. त्यामुळे किसन हलकं उचलायचा, आणि जे उरेल ते मुकादम स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. पंचवीस शेर, अठ्ठावीस शेर. चढावर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. मी एकदा म्हटलं, "मुकादम, काटा लावा ना. बरोबर वाटून घेऊ." तो म्हणाला, "आता कायले?" तेवढंच. हंगाम संपायच्या आत त्याची कंबर धरली आणि खात्यानं त्याला घरी बसवलं.

मला वणीच्या कचेरीत लिहायचं काम मिळालं. तीनेक वर्षांनी मुकादम एका सकाळी कचेरीत हजर. अंगानं वाळलेला, हातात काठी.

"मास्तर, सुट्टी काढ. सुखदेवाकडे जाऊन येऊ."

"काहून?"

"काहून म्हंजे? जाचं हाये. एकट्यानं जाववत नाई."

काय बोलायचं ते त्यानं ठरवलं असावं. मोटारीत सगळ्या वाटेभर त्याचे ओठ हलत होते. कळंबला आम्ही उतरलो आणि कोसभर धुळीच्या वाटेनं मागं चाललो. सुखदेव रस्त्याच्या कामावर जात होता, पण त्या दिवशी घरीच सापडला. कुडाचं घर, समोर शेणानं सारवलेलं अंगण, आणि भिंतीवर खडूनं मोठमोठी मुळाक्षरं लिहिलेली. कोणाचा तरी हात नुकताच वळायला लागलेला दिसत होता.

"या मुकादम," तो म्हणाला. उठून उभा राहिला. खाट टाकली. हसला नाही, पण चेहरा वाकडाही केला नाही. "लय लांबून आले."

"आलो बाप्पा," मुकादम म्हणाला. वाटेभर घोकलेलं बाजूला राहिलं आणि तो खाटेवर टेकला.

तेवढ्यात सुखदेवाची बायको बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात चकचकीत घासलेला पितळेचा लोटा आणि त्याच्यावर पालथा पेला. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, तसं तिनं ते मुकादमापुढं धरलं. तिला काय माहीत, हा कोण ते! पेला पाहिल्यावर कोणालाही कळावं की ते पिण्याचं पाणी आहे.

मुकादमानं लोटा घेतला. पेला काढून खाटेवर ठेवला. इथं आजूबाजूला वामन नव्हता. कमळी सासरी नांदत होती, तिला लेकरू झालं होतं. मैलभर कोणी ओळखीचं माणूस नव्हतं. फक्त मी होतो. त्यानं लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग चार पावलं अंगणाच्या कडेला गेला, वाकला आणि ते सगळं पाणी आपल्या पायांवर ओतलं. एक पाय दुसऱ्या पायानं चोळून, नीट, टाचेपर्यंत धुतले.

सुखदेवाची बायको बघत राहिली. "अहो, ते प्याचं होतं. थांबा, दुसरं आनतो."

"राहू दे," सुखदेव म्हणाला. मुकादमाच्या पायांकडे बघत होता. "त्याइची गाडी जाईन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यापर्यंत लोटा येणार नाही, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण पडला. मी निदान एक पेला मागून घेऊ शकलो असतो.

परतताना मुकादम पुढं आणि मी मागं. ओल्या पायांना धूळ चिकटून चिखल झाला होता. कळंबच्या स्टँडवर आम्ही वणीच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो. आधी पुसदची गाडी आली. मुकादम काठी टेकत पुढं गेला आणि तिच्यात चढला. पुसदला त्याचं कोणी नव्हतं.

"मुकादम, ही पुसदची हाये!" मी ओरडलो. "आपली नाई!"

तो खिडकीशी बसला होता. त्याला ऐकू गेलं होतं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि गाडी सुटली.